गाडीत शिरणाऱ्या पाण्याचा माग

आमची गाडी २००५ सालची आहे. लहान, पाच दारांची, पेट्रोलवर चालणारी. नागपूरहून जुनीच घेतली आणि घेतली ती मामाजींसाठी. माझ्या सासऱ्यांना दमा आहे, सेवाग्रामच्या दवाखान्यात तारखेला न्यावं लागतं. आमचं गाव हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या पट्ट्यात, डांबरी रस्त्यापासून आत. एसटी येते, पण ओपीडीची चिठ्ठी काढायच्या वेळेशी तिचा मेळ बसत नाही.

गाडीचं इंजिन उत्तम, एसी थंड, टायर बरे. उन्हाळाभर काही तक्रार नव्हती. मृगाचे पाऊस झाले, आर्द्रा लागली आणि आत कुबट वास यायला लागला. सकाळी दार उघडलं की पुढच्या काचेवर आतून वाफ धरलेली. डाव्या सीटच्या पायाखालचा मॅट दाबला की कडेनं पाणी वर यायचं. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात तर चक्क तळं. मामाजी डावीकडेच बसतात. काचा बंद करून एसी लावला की त्यांना खोकल्याची उबळ यायची. "काच खाली कर पोरी, बुरशी नाकात जाऊन रायली," असं ते म्हणायचे, आणि काच खाली केली की पाऊस आत यायचा. दम्याच्या माणसाला दवाखान्यात नेताना गाडीतच त्याचा दम लागावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

घरात हे म्हणाले की विकून टाकू. मी म्हटलं, गळकी गाडी विकून दुसऱ्याच्या घरी वास पाठवण्यापेक्षा आधी पाहू तरी. शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी मॅट उचलून पाहिला, पुढच्या काचेकडे बोट केलं, "काचच गळते, दुसरं काही नाही" असं सांगितलं आणि काचेच्या चारी बाजूंनी पांढऱ्या सिलिकॉनची रेघ ओढून दिली. आतलं कार्पेट उचललं नाही, पाणी मारून पाहिलं नाही. पुढच्या पावसात मॅट पुन्हा तितकाच ओला.

मग आम्हीच हात घातला. मी गावात सेवा केंद्र चालवते, सातबारा आणि पीक विम्याचे अर्ज भरते, त्यामुळे रविवार मोकळा असतो. माझे दीर मोटारपंपांचं वायंडिंग करतात. पाने, टेस्टर, ब्लोअर सगळं त्यांच्याकडे आहे, आणि मुख्य म्हणजे वस्तू उघडण्याची भीती नाही.

पाणी कुठून येतं याच्या आधी पाणी कोणतं आहे हे ठरवावं लागतं. गाडीच्या आत सापडणारं पाणी तीन-चार तऱ्हांचं असतं. एक पावसाचं, मळकट, सोबत माती किंवा पाचोळा असलेलं. दुसरं एसीचं. एसीच्या थंड जाळीवर हवेतली वाफ जमते आणि ते पाणी एका नळीतून गाडीखाली टपकायला हवं; नळी तुंबली तर ते डाव्या पायाशी येतं. हे पाणी स्वच्छ असतं, वास नसतो. तिसरं हीटरच्या जाळीतून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. ते बोटाला चिकट लागतं, गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट पातळ थर बसतो. कूलंट विषारी असतं, त्यामुळे चाखून पाहायचं नाही. वास आणि स्पर्श पुरतो. चौथं काच धुण्याच्या टाकीचं, साबणाच्या वासाचं. आमच्या पाण्याला चिकटपणा नव्हता. रेडिएटरच्या टाकीतली पातळीही उतरली नव्हती. म्हणजे ते कूलंट नव्हतं.

एसीचं मात्र लगेच सोडून देता येत नाही, आणि आपल्या भागात तर तिथेच फसगत होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना एसी दिवसभर चालतो, पण हवा इतकी कोरडी असते की जाळीवर पाणी थोडंच जमतं. जुलैत हवा दमट झाली की त्याच एसीतून कितीतरी जास्त पाणी निघतं. म्हणजे एसीची नळी उन्हाळ्यात तुंबलेली असली तरी पत्ता लागतो पावसाळ्यात, आणि माणूस पावसाला दोष देतो. आम्ही कोरड्या अंगणात, शेडखाली गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं आणि एसी पूर्ण सोडला. गाडीखाली थेंब पडायला हवे होते. पडले, पण अगदी रखडत. दिरांनी खाली झोपून नळीत बोट घातलं तर आत मातीचा गोळा. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. पातळ, मऊ प्लास्टिकच्या नळीनं हळूहळू तो फोडला. इथे तार खुपसू नये, तार वरपर्यंत गेली तर एसीच्या जाळीला भोक पडायची भीती असते. गोळा निघाला तशी आतली तुंबलेली धार खाली आली.

याने पायाखालचं पाणी कमी होईल असं वाटलं, आणि झालंही. पण डिकीतल्या तळ्याचा एसीशी काही संबंध नव्हता, आणि रात्रभर नुसती उभी असलेली गाडीही सकाळी ओली निघायची. म्हणून मी केंद्रावरच्या एका वहीत नोंद ठेवायला लागले: पाऊस उभ्या गाडीवर पडला की चालत्या, एसी लावला होता की नाही, गाडीचं तोंड उताराकडे होतं की चढाकडे, आणि ओल कुठे. ही वही सगळ्या हत्यारांपेक्षा जास्त उपयोगी पडली असं मी मनापासून सांगते. उभ्या गाडीत ओल येत असेल तर पाणी वरून येतं. फक्त ओल्या रस्त्यावर चालवल्यावर येत असेल तर ते चाकांच्या फवाऱ्यातून, खालच्या बुचांतून किंवा मडगार्डच्या मागून येतं. आमच्या वहीत उभ्या गाडीच्या नोंदी जास्त होत्या. शिवाय एक गोष्ट दिसली: गाडी घराकडे तोंड करून, म्हणजे नाक खाली करून लावली की पुढे ओल, आणि पाठ खाली असली की मागे. तरीही पाठ खाली ठेवून लावल्यावर कधी कधी डाव्या मागच्या सीटच्या पायाशीही पाणी मिळायचं. तेव्हाच लक्षात आलं की वाटा एकापेक्षा जास्त आहेत.

एका उघडीपीच्या रविवारी गाडी आतून रिकामी केली. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. आमच्या गाडीच्या सीटखाली साधी वायर होती. नव्या गाड्यांत सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर ते एअरबॅगचं असतं, त्याला घरी हात लावू नये. चौदा नंबरच्या पान्यानं सीटचे बोल्ट निघाले. दाराखालच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्या क्लिपांवर असतात, त्या सरळ वर ओढल्या. मग कार्पेट. कार्पेट वरून जरा दमट होतं, पण त्याच्याखाली जो जाड फेल्टचा थर असतो त्यानं बादलीभर पाणी धरून ठेवलं होतं. दोघांनी धरून तो बाजेवर टाकला तर बाजेखाली अंगण भिजलं. वरून मॅट वाळवून काहीच होत नाही ते यामुळे. वरचं सुकतं, खालचं सडतं आणि वास तिथून येतो. फेल्टच्या खाली सोयाबीनचे दाणे सापडले, मागच्या मालकाच्या की आमच्या पोत्यातले कोण जाणे, आणि त्यांना मोड आले होते. मामाजींनी ते हातात घेऊन निरखून पाहिले. "उगवण चांगली हाय," म्हणाले.

पत्र्यावर गंज होता, पण वरवरचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहिलं, आवाज टणक आला. जिथे पत्रा भुसभुशीत लागतो किंवा टोक आरपार जातं तिथे वेल्डिंगवाल्याकडे जावंच लागतं. रंग फासून ते झाकणं म्हणजे आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ. आमचं तेवढं वाचलं होतं. तारेच्या ब्रशनं घासून, गंजावर लावायचं औषध लावून, वाळल्यावर प्राइमरचे हात दिले.

आता पाणी मारून पाहायचं. यात घाई केली की सगळं वाया जातं. गाडी आतून पूर्ण कोरडी हवी, नाहीतर जुनं पाणी कुठलं आणि नवं कुठलं हे कळत नाही. आम्ही उघड्या पत्र्यावर आणि जोडांवर खडूची पूड भुरभुरली. पाण्याचा थेंब आला की त्या पुडीत त्याची वाट उमटते आणि ती वाट धरून उलटं वर जाता येतं. बाहेरून पाणी नेहमी खालून वर न्यायचं. आधी उंबऱ्याची पातळी, मग दाराचा मध्य, मग काचेची कड, शेवटी टप. एका जागी काही मिनिटं थांबायचं. सुरुवातच टपापासून केली तर पाणी ओघळत सगळीकडून जातं आणि कोणत्या फटीतून शिरलं ते शेवटपर्यंत उमगत नाही. जोरदार धारही नको. प्रेशरचं पाणी चांगल्या रबरातूनही आत घुसतं आणि नसलेली गळती दाखवतं.

बोअरच्या पाइपानं धार आवरत नव्हती. दिरांना फवारणी पंपाची कल्पना सुचली. पाठीवरच्या पंपाच्या नोझलमधून हवी तिथे, हवी तेवढी बारीक धार मिळते. पण घरचा जुना पंप मी घेऊ दिला नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यातून पाहिलं आहे. कितीही धुतला तरी औषधाचा पंप, आणि ज्या गाडीत दम्याचा माणूस बसणार तिच्या फटीफटीतून ते पाणी सोडायचं, हे मला पटलं नाही. दिरांनी हंगामासाठी नवा बॅटरी पंप आणला होता, त्यात अजून औषध भरलेलं नव्हतं. तो वापरला.

पुतण्या टॉर्च घेऊन आत, दीर पंप घेऊन बाहेर आणि मी वही घेऊन दाराशी. पुढची काच आधी पाहिली, कारण तिच्यावर आरोप झाला होता. काचेच्या चारी कडांवर बराच वेळ पाणी सोडलं. आत एक थेंब नाही. मग धार वायपरच्या खाली गेली, त्या काळ्या जाळीवर, जिला मेकॅनिक काउल म्हणतात. थोडा वेळ काही नाही. दीर पुढे सरकणार तेवढ्यात पुतण्या ओरडला, "काकू, पंख्याच्या डब्यातून धार येऊन रायली!"

जाळी उघडली तेव्हा सगळं समोर आलं. आमच्या अंगणात कडुनिंब आहे आणि गाडी त्याच्याच सावलीत उभी असते. कडुनिंबाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात, मग मोहोर झडतो, आणि पावसाच्या तोंडावर निंबोळ्या. हे सगळं जाळीच्या फटींतून खाली जाऊन त्याचा काळा चिखल झाला होता. जाळीखाली एक आडवी पन्हळ असते. काचेवरून ओघळणारं सगळं पावसाचं पाणी तिच्यात जमतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. त्याच पन्हळीत ब्लोअरला, म्हणजे गाडीच्या एसीच्या पंख्याला, ताजी हवा घेण्याचं तोंड असतं आणि त्याला पाणी जाऊ नये म्हणून थोडा उंच काठ असतो. भोकं मोकळी आहेत तोवर पाणी त्या काठापर्यंत चढत नाही. भोकं बुजली की पन्हळ भरते, पाणी काठ ओलांडून ब्लोअरच्या डब्यात आणि तिथून डाव्या पायाशी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून ब्लोअर बहुतेक डावीकडे. म्हणून मामाजींचे पाय ओले.

हे पाहिल्यावर गळतीकडे पाहायची माझी नजरच बदलली. मी गाडीला बंद डबा समजत होते, ज्याला कुठेतरी भोक पडलं आहे. गाडी तशी नसते. बनवणाऱ्यानं पाणी आत घ्यायची जागा आणि बाहेर सोडायची जागा दोन्ही ठरवलेल्या असतात. आमच्या काळ्या मातीच्या वावरात पाणी साचून सोयाबीन पिवळं पडायला लागलं तर कोणी बांध उंच करत बसत नाही, धुऱ्याकडचा चर मोकळा करतात. गाडीचंही तसंच आहे, आधी चर पाहायचा, फटी बुजवायच्या सीलरची नळी नंतर हातात घ्यायची.

चिखल हातानं काढला. उरलेला दिरांच्या ब्लोअरनं उडवला आणि तांब्यानं पाणी ओतलं. दोन्ही चाकांच्या मागे लगेच धार पडली. डावीकडच्या भोकाच्या टोकाला रबराची झडप होती, कडक होऊन चिकटून बसलेली. ती कापून टाकली तर पाणी जास्त वेगानं जाईल हे खरं, पण मग उंदराला दार मोकळं होतं, आणि गावात उंदीर वायरिंगपर्यंत पोचायला वेळ लावत नाही. म्हणून झडप धुऊन, मऊ करून ठेवली आणि ब्लोअरच्या तोंडावर स्टीलची बारीक जाळी बसवली. पन्हळीच्या एका जोडातला जुना सीलर उन्हानं तडकून उकलला होता. तेवढा खरवडून, पत्रा कोरडा करून, प्राइमर देऊन पॉलियुरेथेनचा सीम सीलर भरला.

गॅरेजनं लावलेलं सिलिकॉन काढायला मात्र फार वेळ गेला. ते काढावंच लागलं, कारण व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज चढवतं आणि त्याचा थोडासा तवंग राहिला तरी त्यावर ना रंग धरत, ना काचेचा खरा गोंद. पुढे कधी काच बदलायची वेळ आली तर हे सगळं आडवं येतं. खिडकीच्या फ्रेमला आणि न्हाणीघराला सिलिकॉन ठीक आहे, गाडीच्या काचेला मी पुन्हा लावू देणार नाही.

दुसरी वाट मागच्या डाव्या दारातून होती. हे शोधायला वेळ लागला, कारण दाराचं रबर चांगलं दिसत होतं. रबर तपासायची सोपी रीत म्हणजे कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. जड निघाली तर रबर दाबून बसतंय, सहज सुटली तर तिथे फट आहे. आमची पट्टी सगळीकडून जड निघाली. पण काचेच्या बाहेरून पाणी सोडलं की उंबऱ्यावरच्या खडूत रेघ उमटायची, आणि ती रबराच्या आतल्या बाजूला.

दाराचं पॅड उघडल्यावर कारण दिसलं. काचेवरचं पाणी बाहेरच्या पट्टीतून थोडं थोडं दाराच्या पोटात उतरतच असतं, ते तसंच अपेक्षित असतं. ते आतल्या पत्र्यावरून खाली जाऊन दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. पोट आणि पॅड यांच्यामध्ये प्लास्टिकची पन्नी चिकटवलेली असते, पाण्यानं पॅडकडे येऊ नये म्हणून. पूर्वी कोणीतरी या दारात स्पीकर बसवला होता. त्यासाठी पन्नी फाडली आणि तशीच लोंबती सोडली. तळाची भोकंही काळ्या मातीनं लिंपली गेली होती. दाराच्या पोटात पाणी साचायचं, फाटक्या पन्नीवरून पॅडच्या मागे यायचं आणि उंबरा ओलांडून कार्पेटखाली. दीर म्हणाले, "वहिनी, स्पीकरवाल्यानं गाणं लावून देलं, पन्नी लावा ले विसरला."

नवी पन्नी शोधताना घरातलं सामान आधी पाहिलं. शेततळ्याच्या ५०० मायक्रॉनच्या प्लास्टिक कागदाचा तुकडा होता, पण तो ताठ, दाराच्या खोलगट भागांत बसेना. शेवटी शेडवर टाकायची जाड पारदर्शक पन्नी जुन्या पन्नीच्या मापानं कापली. चिकटवायला ब्युटाइलची, म्हणजे मऊ चिकट रबराची, टेप आणली, हिंगणघाटला रंगाच्या दुकानात मिळाली. ब्युटाइल वर्षानुवर्षं मऊ राहतं, दार आपटलं तरी सुटत नाही, आणि उद्या काच दुरुस्त करायची झाली तर पन्नी सोडवून पुन्हा लावता येते. पत्रा आधी स्पिरिटनं पुसून घ्यावा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पन्नीची खालची कड दाराच्या पत्र्यातल्या फटीतून आत, दाराच्या पोटात सोडायची. ती बाहेर राहिली तर पन्नीवरून उतरलेलं पाणी थेट गाडीत येतं आणि एवढी मेहनत करूनही गळती तशीच राहते. तळाची भोकं काडीनं मोकळी केली. मग बाकीची तीन दारंही उघडली. आणखी एकात पन्नीची खालची कड बाहेर होती, तीही आत घेतली. उघडलेलं असताना न करण्यात अर्थ नव्हता.

डिकीची गळती शेवटची. मागची सीट पाडून पुतण्या आडवा झाला, डिकीचं झाकण लावलं. मागच्या उजव्या दिव्यावर पाणी सोडताच आतून थेंब आला. खात्रीसाठी साबणाच्या पाण्याचीही परीक्षा घेतली. सगळ्या काचा लावून ब्लोअर पूर्ण वेगानं सोडायचा, बटण बाहेरची हवा आत घेण्यावर ठेवायचं. आतलीच हवा फिरवली तर दाब वाढत नाही. मग बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, फट असेल तिथे बुडबुडे येतात. आमच्या गाडीत हवा मागच्या बंपरखालच्या झडपांतूनही निघून जाते, त्यामुळे ही रीत दारांवर फारशी चालली नाही. दिव्याच्या कडेला मात्र बुडबुड्यांची माळ उठली.

दिवा काढला तर त्याच्यामागची फोमची गादी चुरा झाली होती. इथे साधा स्पंज चालत नाही, तो पाणी शोषून धरतो आणि पत्र्याला सतत ओल देतो. ज्याची छिद्रं आतून बंद असतात असा दाट काळा फोम लागतो. तो चिमटीत दाबून पाण्यात बुडवला तरी पाणी पीत नाही. तो कापून लावला. दिव्याचे नट बेतानं, आळीपाळीनं कसले. फार आवळले तर दिव्याचं प्लास्टिकच तडकतं. डावा दिवा गळत नव्हता, पण त्याची गादीही त्याच वयाची, म्हणून तीही बदलली. टपावरच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांखालच्या जोडातही बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या पत्र्याच्या तापण्या-निवण्यानं पडलेल्या. तिथून आत येताना दिसलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यानंतर आलं असतं. भरून टाकल्या.

सीलर हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतो, त्यामुळे पावसाळी हवेचं भय नाही. लावताना पत्रा मात्र कोरडा हवा आणि घट्ट होईपर्यंत वरून पाणी पडू नये. गाडी शेडखाली ठेवली, एक काच थोडी खाली ठेवली म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब ताज्या सीलरवर पडत नाही.

कार्पेट आणि फेल्ट वाळवणं हेच सगळ्यात चिवट काम निघालं. श्रावणात ऊन येतं आणि जातं. सासूबाईंनी ते आपलं काम मानून घेतलं. ऊन आलं की फेल्ट पत्र्यावर, ढग आले की घरात पंख्याखाली. बुरशीचे डाग व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसले. खूप सडलेला डावीकडचा पुढचा तुकडा फेकून नवा फेल्ट कापून घातला. बुरशी खोल गेलेली वस्तू दम्याच्या माणसाच्या पायाखाली परत ठेवायची नाही हे मी ठरवलंच होतं. अत्तराच्या बाटल्या, वड्या असं काही लावलं नाही. ओल गेली की वास आपोआप जातो, आणि ओल असताना लावलेला सुगंध दमेकऱ्याला आणखी त्रासाचा.

पत्र्याच्या खालची रबरी बुचंही तेव्हाच पाहून घेतली. एक नव्हतंच. वणा नदीला पूर आला की आमच्याकडच्या नाल्यांवर पाणी चढतं आणि लोक त्यातून गाड्या घालतात. बूच नसलेल्या गाडीत अशा वेळी खालून पाणी येतं आणि वरच्या गळतीसारखंच दिसतं. नवं बूच बसवलं. नाल्यातून गाडी घालायची मात्र नाहीच.

सीट बसवण्याआधी मोठा पाऊस एकदा जाऊ दिला. पोळ्याच्या आधी तो आला, रात्रभर आला. सकाळी टॉर्च घेऊन दीर आणि मी दोघंही गेलो. पत्रा कोरडा, खडूची पूड जशीच्या तशी, स्टेपनीचा खळगा कोरडा. दीर मोठ्यानं म्हणाले, "जमलं वहिनी!" आणि मला खरंच भरून आलं. त्यानंतरच्या तारखेला मामाजी सेवाग्रामपर्यंत काचा लावून बसले. जामच्या चौकाच्या पुढे त्यांना झोप लागली होती.

आता महिन्यातून एकदा काउलची जाळी उघडून पाचोळा काढते आणि तांब्यानं पाणी ओतून चाकांमागे धार पडते का ते पाहते. वावरातून आल्यावर दारांच्या तळाची भोकं काडीनं मोकळी करते, काळी माती एकदा वाळली की ती निघता निघत नाही. गाडी कडुनिंबाखालून काढून शेडखाली लावायला लागलो आहे. मागच्या उजव्या काचेची बाहेरची पट्टी कडक झाली आहे, तिच्यातून दाराच्या पोटात गरजेपेक्षा जास्त पाणी जातं. ते सध्या खालून निघून जातं, तरी पट्टी बदलायची आहे. हिंगणघाटच्या पार्टवाल्याकडे जुनी पट्टी नमुन्याला देऊन ठेवली आहे. त्याने नागपूरहून मागवली, पण आली ती पुढच्या दाराची, म्हणून परत पाठवली.